पुस्तकाचं नाव नको, प्रश्न घेऊन जा

ताई,

मी बीड जिल्ह्यातली. आई-बाबा दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यात परत येतात. घरातली मी पहिलीच पदवीधर. यंदा एका सरकारी विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. विषय आहे ऊसतोड करणाऱ्या बायकांचं स्थलांतर आणि आरोग्य. सर म्हणाले, दोन महिन्यांत लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधी झालेल्या लेखनाचा आढावा, करून आण. मी मोबाईलवर शोधते. कामाचा वाटणारा लेख उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात. मराठीत शोधलं तर नुसत्या बातम्या येतात. लायब्ररीत गेले, 'ऊसतोड महिला' असं पुस्तक आहे का विचारलं. कॉम्प्युटरमध्ये बघून 'नाही' म्हणाले. मागे रांग होती, मी निघून आले. आता तिथे फक्त अभ्यासिकेत बसायला जाते. मैत्रीण म्हणते, एआयला विचार, तो सगळं लिहून देतो. सीनियर सांगतात, कॉपी दहा टक्क्यांच्या वर निघाली की रजिस्ट्रेशन रद्द होतं. इंग्रजी वाचायला मला फार वेळ लागतो. लायब्ररीचा माझ्यासारखीला नेमका काय उपयोग आहे? आणि तिथे कोणाला काय विचारायचं?

– एक संशोधक विद्यार्थिनी

---

मुली,

तू नाव कळवलं नाहीस, म्हणून अशी हाक मारते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या 'नाही'शी थांबले.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली, त्यातली बरीच संदर्भ विभागात. पण त्याआधी मीही तुझ्यासारखी खिडकीच्या या बाजूला उभी होते. आमच्या कॉलेजात पुस्तकांची कपाटं कुलपात असत. चिठ्ठीवर नाव लिहून आत द्यायचं आणि वाट बघायची. माझ्या बहुतेक चिठ्ठ्या लाल फुली घेऊन परत आल्या. तिसऱ्या वर्षी पुस्तक पडताळणीच्या कामाला आम्हा काही मुलींना मदतीला घेतलं, तेव्हा फुली आलेली तीन पुस्तकं मला मांडणीवर दिसली, धूळ खात पडलेली. कोणी उठून बघायचे कष्ट घेतले नव्हते, आणि पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. नंतर मी नोकरीला लागले तेव्हा ती फुली कायम डोळ्यांसमोर ठेवली.

तुला मिळालेलं 'नाही' मात्र थोडं वेगळं आहे. ती दोन अक्षरी उत्तर देणारी व्यक्ती बहुधा खोटं बोलली नाही. 'ऊसतोड महिला' हे शब्द शीर्षकात असलेलं पुस्तक तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत, नसेल, म्हणून नाही. शिवाय तू गेलीस ती देवघेवीच्या काउंटरवर. तिथलं काम पुस्तक देणं, परत घेणं, दंडाची पावती फाडणं. रांग असते, त्यांना बोलायला फुरसत नसते. तुला जायचं होतं संदर्भ विभागात. आणि तुला त्या नावाचं पुस्तक नकोच होतं. तुला एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. या दोन मागण्या वेगळ्या आहेत, हे आपल्याकडे शाळेपासून पीएच.डी.पर्यंत कोणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक मुलगा आठवतो. आला आणि म्हणाला, 'दुष्काळावरचं पुस्तक द्या.' मी त्याला बसवलं, कुठला, काय करतोस असं विचारत गेले. अर्ध्या तासाने कळलं की १९७२च्या दुष्काळात त्याच्या आजीने खडी फोडली होती, आणि त्याच्या तालुक्यात ती कामं नेमकी कुठे निघाली, किती माणसं होती, मजुरी काय होती, हे त्याला हवं होतं. दुष्काळावरच्या कुठल्याच एका पुस्तकात हे नव्हतं. आम्ही जिल्हा गॅझेटियर काढलं, जिल्हा जनगणना पुस्तिका काढली, विधिमंडळाच्या कामकाजाचे त्या वर्षांचे खंड काढले, मग वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली. चार दिवसांत त्याच्या वहीची वीस पानं भरली. तो नुसतं पुस्तक घेऊन गेला असता तर आठवड्याने ते परत करून गेला असता, एवढंच.

संदर्भ विभागाचं काम हेच असतं. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. आपल्याकडचं ग्रंथालयशास्त्र अजून त्यांच्यावर उभं आहे. त्यातलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तुझे दोन महिने वाचवणं हे ग्रंथालयाचं कर्तव्य आहे. तिथे तू कोणाचे उपकार मागायला जात नाहीस. ग्रंथालयाचं शुल्क तू प्रवेशाच्या वेळीच भरलं आहेस, तुझी पावती काढून बघ.

आता तुझ्या विषयाकडे येऊ.

पुस्तकं विषयवार लावलेली असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर बोधांक, म्हणजे विषय सांगणारा क्रमांक, असतो. आपल्याकडच्या पुष्कळ ग्रंथालयांत ड्युईची दशांश पद्धत आहे. त्या पद्धतीत ऊस हे पीक म्हणून ६३३.६१ला बसतं, शेतीच्या रांगेत. साखर कारखाने सहकारी, म्हणून सहकार ३३४. मजूर, मजुरी, कामाच्या अटी ३३१. माणसांचं स्थलांतर ३०४.८. बायकांचे प्रश्न ३०५.४. आरोग्यसेवा ३६२.१, आणि स्त्रीरोग थेट ६१८, वैद्यकाच्या रांगेत, बहुधा दुसऱ्या मजल्यावर. तुझ्या आईचं आयुष्य एकच आहे, पण ग्रंथालयात ते सात ठिकाणी वाटलं गेलंय. ही मांडणी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांसमोर ऊसतोड बाई नव्हती. म्हणून तुला एक शब्द टाकून काही सापडलं नाही. एक दिवस फक्त या सात रांगांमधून फिर. पुस्तक शोधायला नको, नुसती फिर. एखादं हाताशी लागलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची चार-चार पुस्तकं चाळ. पडद्यावर शोधताना शेजारची पुस्तकं दिसत नाहीत. मांडणीपुढे उभं राहिलं की दिसतात.

संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे ओपॅकवर, शोधताना दोन अडचणी येतील. पहिली लिपीची. पुष्कळ ग्रंथालयांत जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात. 'ऊसतोड' कोणी यूने लिहिलं असेल, कोणी दोन ओंनी, म्हणून तिन्ही-चारही तऱ्हांनी टाकून बघ. दुसरी अडचण शब्दांची, आणि ती जास्त खोल आहे. तू ज्याला उचल म्हणतेस त्याला इंग्रजी लेखांत 'अ‍ॅडव्हान्स' म्हटलेलं असेल किंवा 'डेट बाँडेज'. मुकादम कुठे 'लेबर कॉन्ट्रॅक्टर' झाला असेल, कुठे 'जॉबर'. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे सांगणारा नेमका इंग्रजी शब्द तर नाहीच. तालिकेत विषयशीर्षकं वेगळीच असतात, 'शुगर वर्कर्स', 'मायग्रंट अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर्स', 'विमेन अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर्स' अशी. एका वहीत दोन रकाने आख. डाव्या बाजूला तुझ्या घरचे शब्द, उजव्या बाजूला पुस्तकांतले. उजवा रकाना भरायला संदर्भ ग्रंथपालाला बसव. अशा कामात त्यांना आनंद वाटतो, मी अनुभवाने सांगते. आणि डावा रकाना मोडीत काढू नकोस. तुझ्या प्रबंधाला तोच लागणार आहे.

आता ते तीस-चाळीस डॉलर. एक पैसाही भरू नकोस.

तुझं विद्यापीठ सरकारी आहे, म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना तुझ्यासाठी आहे. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५पासून ती सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद. ज्या लेखाने तुझ्याकडे डॉलर मागितले, त्याचे पैसे कदाचित आधीच भरलेले आहेत. फक्त तू हॉस्टेलवर मोबाईलच्या डेटावरून तो उघडत होतीस, त्यामुळे तू कोण हे त्या वेबसाइटला कळत नव्हतं. विद्यापीठाच्या वायफायवरून उघडून बघ. बाहेरून वापरायचं असेल तर 'इन्फेड' नावाची व्यवस्था आहे, तिचं लॉगिन ग्रंथालयातून मिळतं. सुट्टीत गावी गेलीस, अगदी आई-बाबांना भेटायला फडावर गेलीस, तरी तिथून लेख उघडेल. हे लॉगिन उद्याच मागून घे. पहिल्या वर्षात मागायचं ते बरेच जण तिसऱ्या वर्षात मागतात.

या योजनेतली एक गोष्ट मला खटकते, ती इथेच बोलते. केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांपुरती ती आहे. तालुक्याच्या गावी खासगी संस्थेच्या कॉलेजात शिकणारी तुझी धाकटी बहीण असेल, तर तिच्यासाठी ती नाही. अशा महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आपल्या ग्रंथपालांना 'एन-लिस्ट'बद्दल, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणाऱ्या योजनेबद्दल, विचारावं. कॉलेजने सभासदत्व घेतलं असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचा युजर आयडी मिळतो. कित्येक कॉलेजांत सभासदत्व असतं, आणि आयडी मागायला कोणी फिरकतही नाही.

लेख तरीही उघडला नाही, तर अंतर-ग्रंथालयीन देवघेवीचं विचार. दिल्लीचं 'डेलनेट' हे जाळं १९८८पासून चालू आहे. तुझं ग्रंथालय सभासद असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते. तेही जमलं नाही तर लेखकाला सरळ ईमेल कर. दोन ओळींत स्वतःची ओळख दे आणि लेख माग. पुष्कळ जण पाठवतात.

शोधगंगा माहीत असेलच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमापासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं, आणि आता देशभरातले काही लाख प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. तुझ्या विषयाला लागून असलेले प्रबंध मराठवाड्यातल्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या विद्यापीठांत नक्की शोध. तिथे एक गंमत लक्षात ठेव. जुने मराठी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत, त्यामुळे मजकुरात शोधलं तर काही हाती येत नाही. विद्यापीठ, विभाग, मार्गदर्शकाचं नाव यांवरून शोधावं लागतं. आणि प्रबंध उघडलास की पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. आधी मागची संदर्भसूची उघड. दोन चांगल्या प्रबंधांच्या सूच्या समोरासमोर ठेवल्या की जी नावं दोन्हीकडे येतात तिथून तुझं वाचन सुरू होतं. मग गूगल स्कॉलरवर त्या लेखाखाली 'साइटेड बाय' असतं, त्यावर टिचकी मार, म्हणजे त्या लेखानंतर कोणी काय लिहिलं ते दिसेल. एक वाट मागे जाते, एक पुढे येते. सरांनी सांगितलेला रिव्ह्यू बहुतांशी यातूनच उभा राहतो.

पण हे सगळं झालं इंग्रजीतलं आणि पडद्यावरचं. मला जास्त बोलायचंय ते मराठीबद्दल.

तू लिहितेस, मराठीत शोधलं की बातम्याच येतात. याचा अर्थ मराठीत लिहिलं गेलं नाही असा नाही. जे लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळ इंटरनेटवर नाही, एवढाच. सहकारी साखर कारखानदारी, ऊसतोड मजुरांचे संप, मजुरीचे करार, त्यांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा यांवर मराठी साप्ताहिकांत, मासिकांत, दिवाळी अंकांत वर्षानुवर्षं लिहिलं गेलंय. 'समाज प्रबोधन पत्रिका', 'अर्थबोधपत्रिका' यांचे जुने अंक काढ. 'साधना'चे जुने अंक डिजिटल झालेत. बाकीचं पुष्कळ नियतकालिक विभागाच्या तळघरात बांधीव खंडांत बसलेलं असतं. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने खंडही तिथेच सापडतील. यातलं मराठी लेखन बहुतेक गूगल स्कॉलरला दिसत नाही. म्हणून जो माणूस फक्त मोबाईलवर शोधतो तो शेवटी लिहितो की 'या विषयावर मराठीत फारसं लेखन झालेलं नाही', आणि पुढचा माणूस त्याचा संदर्भ देऊन तेच पुन्हा लिहितो. तू हे वाक्य लिहू नकोस. आठवड्यातला एक दिवस बांधीव खंडांना दे. वार्षिक सूची बघ, लेखाचं नाव, अंक, महिना, पान टिपून ठेव. हात काळे होतात, शिंका येतात, पण पहिला लेख सापडला की उठवत नाही.

अहवालांचंही तसंच. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तुझ्या विषयाला त्या समितीचा अहवाल टाळून चालणारच नाही. बातम्यांवरून त्याचे आकडे उचलू नकोस, मूळ अहवाल मिळव. साखर आयुक्तालयाचे अहवाल, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, जनगणनेच्या पुस्तिका यांना पुस्तकाच्या दुकानात जागा नसते. ते ग्रंथालयातच मिळतात, किंवा कुठे मिळतील हे तिथेच कळतं.

आणि तुझ्या विद्यापीठात नसेल ते दुसरीकडे जाऊन वाचता येतं. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय आहे, त्याला धनंजयराव गाडगीळांचं नाव आहे. हे गाडगीळ त्या संस्थेचे पहिले संचालक, आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्यात विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. तुझ्या आई-बाबांच्या कामाची मुळं ज्या कारखानदारीत आहेत, तिच्या पहिल्या दिवसांचा माग घ्यायचा तर तिथे जायला हवं. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा साखर संस्था आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचं ग्रंथालय आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४पासून स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र आहे. बाहेरच्या संशोधकाला आत बसून वाचण्यासाठी प्रत्येक ठिकाणचे नियम आणि शुल्क वेगवेगळं असतं, ते आधी फोन करून विचार. आणि जाताना तुझ्या ग्रंथपालांच्या सहीचं परिचयपत्र घेऊन जा. ग्रंथालयाच्या लेटरहेडवरच्या चार ओळींनी बरेच दरवाजे उघडतात.

सीनियरांनी तुला घातलेली भीती आता काढून टाकू. आयोगाचे २०१८चे नियम असे आहेत: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. नोंदणी रद्द होते ती ६०च्या वर. अवतरणचिन्हांत घेतलेला आणि नीट संदर्भ दिलेला मजकूर, संदर्भसूची, सुरुवातीचं मनोगत (प्रिफेस), ऋणनिर्देश हे त्यात धरत नाहीत. तपासणीचं सॉफ्टवेअर ग्रंथालयाकडेच असतं. प्रबंध संपायची वाट न बघता पहिलं प्रकरण लिहून झालं की मार्गदर्शकांमार्फत तपासून घे. पण टक्केवारीला घाबरून शब्द इकडचे तिकडे करत बसू नकोस. टिपणं घेतानाच पुस्तक, पान, आणि हे त्यांचे शब्द की माझे, हे लिहून ठेव. चोरी बहुतेक वेळा लबाडीने होत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या टिपणातलं वाक्य आपलंच वाटतं, म्हणून होते. झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, संदर्भ साठवायला. ग्रंथालयात त्याची कार्यशाळा होत असेल तर जा. होत नसेल तर ठेवा म्हणून अर्ज दे.

एआयबद्दल थोडक्यात सांगते. इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला, शोधशब्द सुचवायला त्याची मदत घेतलीस तर माझी हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. तो लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष, पान सगळं ठळकपणे देतो, आणि असा लेख कधी छापलेलाच नसतो. मुलं अशा याद्या घेऊन ग्रंथालयात येतात आणि ग्रंथपाल तासन्‌तास नसलेला लेख शोधत राहतात. जो संदर्भ तू स्वतः उघडून पाहिला नाहीस तो तुझ्या सूचीत येता कामा नये, मग तो एआयने दिलेला असो की सीनियरने.

इंग्रजीची लाज वाटून घेऊ नकोस. लेखाचा सारांश वाच, मग शेवटचा निष्कर्ष, मग मधलं. पहिल्या महिन्यात रोज दोन पानं झाली तरी पुरे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संदर्भ विभागात असतात, ऑनलाइनही आहेत. त्यातला अर्थशास्त्राचा कोश शेजारी ठेव. दहा लेखांनंतर तेच पन्नास-साठ शब्द पुन्हापुन्हा येतायत हे तुझ्या लक्षात येईल. आणि कोणी 'पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापतो' म्हणालं तर घाई करू नकोस. आयोगाच्या २०२२च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलेला असण्याची सक्ती राहिलेली नाही. तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढा बघून घे. ते नियतकालिक खरं की पोकळ, हेही ग्रंथपालांना दाखवून विचार.

तू अभ्यासिकेत बसतेस म्हणालीस. त्या खोलीबद्दल मला कधीच तक्रार करावीशी वाटली नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघी राहणाऱ्या मुलींना पंखा, दिवा आणि शांतता मिळते, ही लहान गोष्ट नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घरून आणून सकाळी सातला रांग लावणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघितली. फक्त त्याच इमारतीत, वीस पावलांवर, त्यांच्या गावावर, पिकावर, जातीवर, बोलीवर लिहिलेलं असतं आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथे कोणी नेलेलं नसतं. तो दोष मुलांचा नाही. आम्ही ग्रंथालयवाल्यांनी टेबल सोडून अभ्यासिकेत जायला हवं होतं. मी स्वतः हे फार उशिरा सुरू केलं.

आता तुझ्या घरचं. मुकादमाशी झालेल्या उचलीच्या हिशेबाची वही, कारखान्याच्या तोडणीच्या पावत्या, आईच्या दवाखान्याचे कागद, यातलं जे घरात असेल ते कोणी रद्दीत घालण्याआधी बाजूला काढ. आईला विचार, तिची परवानगी घे, आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून तारखेसह ठेव. मी सांगितलेल्या एकाही ग्रंथालयात हे नाही. तिथल्या पुस्तकांत मजुराला मिळालेल्या उचलीचा सरासरी आकडा सापडेल. तुझ्या आईने कुठल्या साली किती उचल घेतली आणि ती कशी फिटली, हे त्या वहीतच आहे. ते कागद कसे जपायचे, नावं कशी झाकायची, मुलाखतींचं रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं, हेही ग्रंथपालांशी बोल. विद्यापीठाची नैतिकता समिती असेल तर तिची मंजुरी मुलाखती सुरू करण्याआधी घे.

शेवटचा प्रश्न, कोणाला काय विचारू. सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा गर्दी कमी असते. देवघेवीच्या रांगेत उभी राहू नकोस. 'संदर्भ विभाग कुठे आहे?' एवढंच विचार. तिथे गेल्यावर बोलायला सुचलं नाही तर हा कागद पुढे कर, माझ्याकडून लिहून देते:

'मी समाजशास्त्राची पीएच.डी. विद्यार्थिनी आहे, पहिलं वर्ष. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर स्थलांतराचा काय परिणाम होतो, हे मला शोधायचं आहे. यावर मराठीत आणि इंग्रजीत काय लिहिलं गेलंय ते बघायचं आहे. मला शोधशब्द ठरवायला, इन्फेडचं लॉगिन घ्यायला आणि जुने बांधीव अंक बघायला मदत हवी आहे. आज वेळ नसेल तर कधी येऊ?'

पहिल्या माणसाने टाळलं तर दुसऱ्या दिवशी उपग्रंथपालांच्या खोलीत हाच कागद घेऊन जा. आणि काय झालं ते मला कळव. यावेळी नाव लिही.

– तुझी ताई